सोसायटीचं अंगण काँक्रीट करण्याआधी: पावसाचं पाणी जागच्या जागी कसं जिरवावं?

पन्हळ

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत यंदा एक ठराव येतोय. मागचं आणि बाजूचं उरलंसुरलं मोकळं अंगण ट्रिमिक्स काँक्रीटने बंद करायचं. कारणं कुणालाही पटतील अशी आहेत. पावसाळ्यात चिखल होतो, गाड्यांचे टायर रुततात, एका जिन्याजवळ घोटाभर पाणी साचतं आणि ज्येष्ठ नागरिकांना तिथून जाणं मुश्कील होतं. माझा ठरावाला विरोध आहे, पण नुसतं 'नको' म्हणून सभेत कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये. पर्याय घेऊन जायला हवं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, पावसाळी गटारांच्या आखणीचं काम बरीच वर्षं केलंय. तरीही इथल्या अनुभवी लोकांचं ऐकून मगच ठरावाचा मसुदा करावा म्हणून हा धागा.

आधी हिशेब मांडते. आमचा भूखंड साधारण एक एकराचा आहे, म्हणजे ४,००० चौ.मी. धरू. तासाभरात ५० मिमी पाऊस झाला तर त्यावर दोन लाख लिटर पाणी पडतं. जमीन मोकळी आणि गवताळ असेल तर त्यातलं साधारण ३० टक्के, म्हणजे साठ हजार लिटर वाहून जातं. छप्पर आणि काँक्रीट झालं की ९० टक्के, म्हणजे एक लाख ऐंशी हजार लिटर. फरक एक लाख वीस हजार लिटरचा, दहा हजार लिटरचे बारा टँकर. हे पाणी नुसतं जास्त नसतं, ते लवकरही येतं. गवतातून, मातीच्या खळग्यांतून वाट काढत जे पाणी तासाभराने ओढ्याला पोहोचायचं ते काँक्रीटवरून दहा मिनिटांत पोहोचतं. वरच्या अंगाच्या शंभर सोसायट्यांनी असं केलं की खाली ओढ्यात सगळ्यांचं पाणी एकाच वेळी येतं. पूर येतो तो त्या एकाच वेळी येण्यामुळे. आणि याच सोसायट्या एप्रिल-मेमध्ये रोज टँकर मागवत असतात!

पावसाळी गटारं मोठी करा, हा नेहमीचा उपाय. मी तेच काम केलंय म्हणून सांगते, त्याला मर्यादा आहे. रस्त्याखाली जागा उरलेली नाही आणि पाईप मोठा केला की पूर खालच्या वस्तीकडे आणखी वेगाने जातो. उलट दिशेने विचार करणारी पद्धत म्हणजे लो इम्पॅक्ट डेव्हलपमेंट, एलआयडी. बांधकाम होण्यापूर्वी ती जमीन पावसाशी जशी वागत होती, शक्य तितकं तसंच तिला बांधकामानंतरही वागू द्यायचं. पाणी एका ठिकाणी गोळा करून लांब न्यायचं नाही. जागोजागी थोडं थोडं थांबवायचं, गाळायचं, जिरवायचं आणि उरलेलंच हळूहळू बाहेर सोडायचं. खोलगट बाग म्हणजे रेन गार्डन, गवताचे उथळ चर, पाणी झिरपू देणारी फरसबंदी, गच्चीच्या पाण्याच्या टाक्या, झाडांभोवती मोकळी माती, ही त्याची साधनं.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिमी पाऊस पडतो आणि पावसाळी दिवस पन्नासेक असतात. म्हणजे बहुतेक दिवशीचा पाऊस लहानच असतो. एका दिवसाचे पहिले २५ मिमी जागेवर थांबवायची सोय केली तर वर्षातलं बहुतेक पाणी आपल्या फाटकाबाहेर जाणारच नाही. ढगफुटीसारखा पाऊस याने थांबणार नाही, तो दावा मी करत नाही. पण त्याही दिवशी पहिलं पाणी आत राहिल्याने ओढ्यावरचा भार थोडा उशिरा आणि थोडा कमी पडतो.

ज्यांनी सोसायटीत किंवा बंगल्यात असं काही केलंय त्यांनी कृपया लिहा. काय टिकलं आणि काय बंद पडलं, दोन्ही हवंय.

ओढ्याकाठचा

पन्हळताई, मी तुमच्या 'खालच्या अंगाला' राहतो. आंबील ओढ्यापासून दोन गल्ल्या सोडून. २५ सप्टेंबर २०१९ची रात्र आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. कात्रजच्या बाजूला संध्याकाळी जोराचा पाऊस झाला आणि रात्री पाणी सीमाभिंती पाडत वस्त्यांत घुसलं. पुण्यात आणि परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. गुरं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या. आमच्या तळमजल्यावर चिखलाची रेघ छातीएवढी होती.

त्यानंतर ओढ्यावर भिंती बांधायची चर्चा झाली, अतिक्रमणांची झाली, पुलांखालच्या गाळाची झाली. सगळं खरं आहे आणि गरजेचंही आहे. पण डोंगरउतारावर गेल्या पंचवीस वर्षांत जे काँक्रीट झालं त्यातलं पाणी कुठे जातं, हे वरच्या लोकांपैकी कुणी विचारताना आज पहिल्यांदा वाचलं. तुमच्या सभेत आमच्यासारख्यांना मत नसतं. म्हणून तुम्ही हे मांडताय याचं मोल आम्हाला जास्त आहे.

सदाशिव_सेक्रेटरी

विषय चांगला आहे. मी दहा वर्षं सोसायटीचा कारभार पाहतोय, त्यामुळे सभेत येणारे प्रश्न आधीच सांगतो. तयारी करून जा.

१. खोलगट बागेत पाणी साचणार, डास होणार, डेंग्यू झाला तर जबाबदार कोण?
२. पार्किंगची जागा जाणार. एका गाडीच्या जागेसाठी आमच्याकडे पोलीस चौकीपर्यंत भांडणं गेली आहेत.
३. पाणी इमारतीच्या पायात मुरलं तर?
४. दरवर्षी साफ कोण करणार? आमच्याकडे पर्जन्यजल संधारणाचा खड्डा बिल्डरने पूर्णत्वाच्या दाखल्यापुरता करून दिला होता. झाकण उघडलं तेव्हा आत नुसता गाळ आणि डेब्रिज निघालं. बोअरवेलपर्यंत पाईपच नव्हता.

चौथा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सोसायटीत एखादी गोष्ट बांधून होते, सांभाळली जात नाही.

पन्हळ

@सदाशिव_सेक्रेटरी, हेच हवं होतं.

डासांचं: अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवस लागतात. रेन गार्डन २४ ते ४८ तासांत कोरडी व्हावी अशीच आखतात. तुमचा खरा प्रश्न जुलैचा आहे, तेव्हा पाऊस थांबतच नाही आणि बाग पुन्हा पुन्हा भरते. म्हणून माती सावकाश पाणी घेणारी असेल तर तळाशी भोकांचा पाईप टाकून तो पावसाळी चेंबरला जोडायचा. पाणी मातीतून गाळून जातं पण साचत नाही. आज जिन्याजवळ जे डबकं आठवडाभर राहतं त्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

जागेचं: ५०० चौ.मी. छप्पर आणि फरशीचं पाणी एका बागेत आणायचं धरू. २५ मिमीला साडेबारा हजार लिटर होतात. बाग ४० चौ.मी., त्यात वर १५ सेंमी पाणी उभं राहील इतका खोलगटपणा, म्हणजे सहा हजार लिटर. खाली ६० सेंमी जाडीची वाळूमिश्रित माती, तिच्यातल्या मोकळ्या जागेत आणखी सहा हजार. जवळपास सगळं बसलं. ४० चौ.मी. म्हणजे तीन गाड्यांची जागा, हे ऐकून सभा उठून जाईल. पण तीच जागा दीड मीटर रुंद आणि सत्तावीस मीटर लांब पट्टी म्हणूनही देता येते. आमच्याकडे अशी पट्टी कडेला आहेच, त्यात शोभेची झाडं आहेत. फक्त ती रस्त्यापेक्षा फूटभर उंच आहे आणि तिला चहूबाजूंनी कर्ब, म्हणजे काँक्रीटची उंच कडा, आहे. पाऊस पडला की बागेतली माती धुपून रस्त्यावर येते आणि रस्त्याचं पाणी बागेत जाऊ शकत नाही. सगळीकडे असंच बांधतात! माती उकरून ती पट्टी रस्त्यापेक्षा खाली न्यायची आणि कर्बला दर दोन-तीन मीटरवर खाचा पाडायच्या. एकही गाडी हलत नाही.

पायाचं: इमारतीच्या भिंतीपासून किमान तीन मीटर लांब ठेवायचं. तळघर असेल त्या बाजूला जिरवायचंच नाही.

देखभालीवर वेगळं लिहिते.

स्तंभ_आणि_तुळई

इथे थोडं थांबवतो, कारण प्रश्न जिवाचा आहे.

ताई, ती कडेची पट्टी सीमाभिंतीला लागून असेल तर भिंत नुसती कुंपणाची आहे की माती अडवणारी आहे हे आधी पाहा. उतारावरच्या सोसायट्यांत एका बाजूची सीमाभिंत बहुधा रिटेनिंग वॉल असते. आपली जमीन वर आणि शेजाऱ्याची आठ-दहा फूट खाली. अशा भिंतीमागे पाणी मुरवलं की मातीचं वजन वाढतं, पाण्याचा दाब येतो आणि भिंत बाहेर ढकलली जाते. जून २०१९च्या अखेरीस कोंढव्यात पावसात सीमाभिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले. त्यात लहान मुलंही होती.

त्यामुळे माझा नियम कडक आहे. माती अडवणाऱ्या भिंतीच्या वरच्या अंगाला रेन गार्डन नाही, चर नाही, शोषखड्डा नाही. तिथे उलट पाणी भिंतीपासून दूर नेणारा उतार हवा आणि भिंतीतली वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर पडायची भोकं, उघडी हवीत. दरवर्षी मे महिन्यात ती तारेने साफ करून घ्या, प्लास्टर करताना बुजवू नका. जिरवायची जागा भूखंडाच्या वरच्या किंवा मधल्या भागात निवडा. बाकी कल्पनेला माझा पूर्ण पाठिंबा.

पन्हळ

@स्तंभ_आणि_तुळई, मनापासून आभार. आमची पट्टी चढाच्या बाजूला आहे, शेजारची जमीन आमच्यापेक्षा वर आहे. तरीही ठरावात हे वाक्य जसंच्या तसं घालते, म्हणजे दुसऱ्या कुणी आमचा मसुदा उचलला तर त्यांनाही कळेल.

काळी_माती_नागपूर

पुण्याच्या मंडळींचं नशीब चांगलं, फूट-दोन फुटांवर मुरूम लागतो. आमच्याकडे काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि दोन सरी पडल्या की फुगून भेगा बंद. मग पाणी खाली जायचं नाव नाही. मला घराच्या अंगणात शोषखड्डा करायचा होता. आधी परीक्षा घेतली म्हणून खर्च वाचला.

परीक्षा सोपी आहे. फूटभर रुंद आणि दोन-तीन फूट खोल खड्डा करा. पाण्याने भरा आणि सगळं जिरू द्या, म्हणजे माती ओली होते. मग पुन्हा भरा आणि पट्टी लावून तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला १२-१३ मिमीपेक्षा जास्त उतरत असेल तर नुसतं जिरवून काम होतं. कमी असेल तर पन्हळताई म्हणतात तसा तळाचा पाईप लागतो. आणि ही परीक्षा एप्रिलमध्ये करू नका! तेव्हा काळी माती भेगांतून सगळं पिऊन टाकते आणि फसवं उत्तर देते. पहिल्या चांगल्या पावसानंतर करा.

आमच्या इथे मी शेवटी गच्चीचं पाणी टाकीत घेतलं आणि अंगणाचं पाणी गवताच्या उथळ चरातून संथ नेऊन मागे सोडलं. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हापासून शेजारीही विचारायला येतात.

मुंबईकर_भरती

सगळं वाचतोय. उत्साह मोडायचा नाही, पण मुंबईच्या बाजूने काही लिहितो, कारण हे वाचून कुणाला वाटायला नको की रेन गार्डनने सगळं सुटेल.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. आपली जुनी पर्जन्यवाहिन्यांची क्षमता ताशी २५ मिमीची होती. ती ५० मिमी करण्याची शिफारस ब्रिमस्टोवॅड या मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांच्या आराखड्याच्या अहवालात १९९३लाच झाली होती आणि २००५नंतर पुराची कारणं शोधणाऱ्या माधवराव चितळे समितीनेही त्यावर बरंच लिहिलं. त्यात भरती असली की समुद्राकडची तोंडं बंद करावी लागतात, पाणी जायला वाटच नसते. हिंदमातासारख्या बशीसारख्या भागात म्हणूनच जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या. तिथे आजूबाजूच्या सोसायट्यांनी कितीही बागा केल्या तरी काम भागलं नसतं. चीनमध्ये झेंगझौ शहराने 'स्पंज सिटी', म्हणजे पाणी शोषून घेणारं शहर, म्हणून बरंच काम केलं होतं. २० जुलै २०२१ला तिथे एका तासात २०१.९ मिमी पडला आणि भुयारी रेल्वेत माणसं बुडाली.

भराव टाकलेल्या भागात तर भूजल फूट-दोन फुटांवर असतं, पावसाळ्यात तिथे जिरवणार कुठे?

पन्हळ

@मुंबईकर_भरती, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि मोठ्या पुराबद्दल मी वर तेच लिहिलंय. एक भर घालते. पुण्यातही जुलै २०२४मध्ये सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं. तो खडकवासल्याच्या विसर्गाने आलेला नदीचा पूर होता. त्याच्यावर सोसायटीच्या बागेचा काहीही परिणाम होत नाही. तिथे पूररेषा आणि धरणाचं नियोजन हेच बोलायला हवं.

पण दर पावसाळ्यात वीस-तीस मिमीच्या सरीने चौक तुंबतात, दुचाकी घसरतात, मैलापाण्याच्या चेंबरमधून पाणी उफाळतं, ते कशाने? ते आपल्या छपरांचं आणि फरशांचं पाणी आहे. तिथे एलआयडी नक्की उपयोगी पडतं. आणि भराव, खाडीकाठ, उथळ भूजल असेल तिथे जिरवणं सोडून द्यायचं, गच्चीचं पाणी टाकीत धरून पाऊस ओसरल्यावर सोडायचं. तेही याच पद्धतीत बसतं.

मेरीलँडची_मंजिरी

ताई, मी ज्या काउंटीत राहते तिथेच या पद्धतीची सुरुवात झाली. प्रिन्स जॉर्जेस काउंटी, वॉशिंग्टन डीसीला लागून. १९९०च्या आसपास इथल्या पर्यावरण विभागाने मोठ्या तळ्यांऐवजी प्रत्येक घराच्या अंगणात खोलगट बाग हा प्रयोग सुरू केला. सॉमरसेट नावाच्या वसाहतीत घरोघरी अशा बागा झाल्या आणि तळी, पाईप, कर्ब यांपेक्षा ते स्वस्त पडलं. १९९९मध्ये काउंटीने आराखड्याची हस्तपुस्तिका काढली, ती पुढे सगळीकडे वापरली गेली. इथे चिंता फक्त पुराची नव्हती. रस्त्यावरचं तेल, खत, गाळ वाहून चेसापीक उपसागरात जातो, तिथले खेकडे आणि कालवं मरतात, म्हणून पाणी गाळणं महत्त्वाचं होतं. २००७मध्ये राज्याने नवीन बांधकामांना ही पद्धत कायद्यानेच लागू केली.

पैशाची बाजूही सांगते. २०१२च्या कायद्याने मोठ्या काउंट्यांना सांगितलं की अभेद्य, म्हणजे पाणी न जिरणाऱ्या, जमिनीच्या प्रमाणात शुल्क घ्या. लोकांनी 'पावसावर कर' म्हणून ओरड केली आणि २०१५मध्ये सक्ती काढून टाकावी लागली. तरी आमच्या काउंटीत ते शुल्क चालू आहे. छप्पर आणि ड्राइव्हवे जितका मोठा तितकी वर्गणी जास्त, हे मला न्याय्य वाटतं.

पण एक फरक ध्यानात ठेवा. इथे पाऊस बारा महिने थोडा थोडा पडतो, वर्षाला साधारण हजार-अकराशे मिमी. आपल्याकडे चार महिने पाणी आणि आठ महिने कोरडं. इथली झाडांची यादी तिथे उचलू नका, झाडं मेली की लोक म्हणणार पद्धतच वाईट.

रानभाजी

मंजिरी, झाडांचं अगदी बरोबर बोललात. त्यावर मी लिहिते, रोपवाटिका चालवते.

दोन्ही टोकं सोसणारं झाड हवं, दोन दिवस पाय पाण्यात आणि नंतर मार्च-एप्रिलचं ऊन. तळाच्या भागात वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली खोल जातात, माती धरून ठेवतात आणि पाण्याला वाटही करून देतात. कर्दळ चालते. उन्हाळ्यात पानं वाळली तरी कंद जिवंत राहतो, जूनमध्ये पुन्हा फुटते. लव्हाळा न लावताही येईल, येऊ द्या. मधल्या उतारावर निर्गुडी, ती ओढ्याकाठचीच आहे. वरच्या कडेला अडुळसा, गवती चहा. तेरड्याचं बी टाकून दिलं तर ऑगस्टमध्ये बघायला या म्हणून लोकांना बोलवावं लागणार नाही. सोनटक्का मोहात पाडतो पण त्याला उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल, सोसायटीत ते होत नाही.

लॉन लावू नका. माळी ते रोज तुडवतो, माती दाबली जाते आणि जिरणं बंद.

आणि एक विनंती. जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशी आलेली असेल तर ती फोडा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्या झाडांना तेवढी जागा द्यायला आदेशाची वाट कशाला पाहायची?

पेव्हरवाला

मी पेव्हर ब्लॉकची कामं घेतो. गिऱ्हाईक म्हणतं 'काँक्रीट नको, पेव्हर टाका म्हणजे पाणी जिरेल.' आणि निविदेत लिहिलेलं असतं चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, त्यावर पेव्हर. खाली पीसीसी असेल तर वरचं पाणी कुठे जाणार? सांध्यातून खाली जाऊन पीसीसीवर साचतं, मग ब्लॉक हलतात, पाय पडला की पिचकारी उडते. तो पेव्हर आणि काँक्रीट पाण्याच्या दृष्टीने एकच.

जिरवायचं असेल तर असं करा. मऊ माती काढा, तळाला जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), त्यावर ४० मिमी खडी, त्यावर २० मिमी, वर ६ मिमीची धुतलेली ग्रिट (बारीक खडी), आणि मग ब्लॉक. गाड्या येणार असतील तर ८० मिमी जाडीचा ब्लॉक, नुसतं चालायचं असेल तर ६० चालतो. सांधे थोडे मोठे ठेवा आणि त्यातही ग्रिटच भरा. कच, म्हणजे खडी फोडताना निघणारा चुरा, भरू नका. कचीत पूड असते, एका पावसात सांधे सिमेंट केल्यासारखे बसतात. प्रत्येक थराला रोलर मारून घ्या. खडीचा थर नीट जाड घेतला तर गाड्यांनी खचत नाही. अग्निशमनाची गाडी ज्या वाटेने येते तिथला थर मात्र इंजिनिअरकडून काढून घ्या, अंदाजाने करू नका.

सिमेंटच्या गोण्या, वाळू, राडारोडा यावर कधीच ठेवू देऊ नका. कुणाच्या तरी फ्लॅटचं रिनोव्हेशन निघतं, खाली सिमेंट कालवतात आणि तेवढा भाग कायमचा बंद.

माथा_ते_पायथा

अहिल्यानगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामावर होतो, आता निवृत्त. वाचून आनंद झाला. आम्ही गावात पहिल्या दिवशी हेच सांगायचो: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला मुरायला लावा. आणि काम नेहमी माथ्यापासून पायथ्याकडे. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग उतारावर बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारा. वरचं काम न करता खाली बंधारा बांधला तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार इथे लोकांनी हे करून दाखवलं. शहरात मात्र पायथ्यापासून सुरुवात होते, आधी नाल्याला भिंती आणि पंप.

तुमच्या सोसायटीत माथा म्हणजे गच्ची. तिथून सुरुवात करा. गच्चीच्या पाईपांची तोंडं आज थेट गटारात असतील, ती सोडवणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे. उतार जास्त असेल तर चरात दर काही मीटरवर दगडांचे छोटे आडबांध घाला, नाहीतर चराचीच घळ होईल.

आठवा_मजला

आमची सोसायटी पूर्ण पोडियमवर, म्हणजे तळघरावरच्या स्लॅबवर आहे, खाली दोन मजले तळघर. माती नाहीच. आम्ही काय करायचं?

पन्हळ

@आठवा_मजला, तुमच्याकडे जिरवणं नाही, धरणं. गच्चीचं पाणी गाळून वापराच्या टाकीत घ्या. फ्लशिंग, गाड्या धुणं, बाग यासाठी ते पावसाळाभर पुरतं. पोडियमवरच्या कुंड्या आणि वाफ्यांत पाईपचं पाणी आधी सोडा, उरलेलं खाली जाऊ द्या. पण पोडियमचं वॉटरप्रूफिंग तपासल्याशिवाय काहीही करू नका.

आता @माथा_ते_पायथा काकांच्या मुद्द्यावर. गच्चीपासूनच सुरुवात करते. मात्र एक गोष्ट सगळ्यांसाठी ठळक लिहिते: बोअरवेलमध्ये फक्त गच्चीचं पाणी, तेही पहिल्या पावसाचं सोडून देऊन आणि गाळणीतून. पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीही सोडायचं नाही. त्यात तेल, टायरचा चुरा, कुत्र्यामांजरांची घाण सगळं असतं. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी खडकाच्या फटींतून फिरतं, वाळूसारखं गाळलं जात नाही. तुम्ही सोडलेली घाण शेजारच्या बोअरमधून वर येईल. पार्किंगचं पाणी मातीच्या थरातूनच गेलं पाहिजे, आणि रेन गार्डन नेमकं तेच करते.

राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत, यूडीसीपीआरमध्ये, ५०० चौ.मी. आणि त्यापुढच्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. ती सक्ती बहुतेक ठिकाणी एका खड्ड्यावर संपते. अंगणाच्या पाण्याचं काय, हे आपणच ठरवावं लागणार.

सदाशिव_सेक्रेटरी

देखभालीचं राहिलं.

पन्हळ

होय. मसुद्यात असं लिहिलंय, दुरुस्त्या सुचवा.

काँक्रीटीकरणाचा ठराव यंदापुरता स्थगित. पहिल्या पावसानंतर जूनमध्ये तीन ठिकाणी खड्डे करून पाणी उतरण्याचा वेग मोजायचा, मोजताना कुणीही सभासद येऊन पाहू शकेल. पावसाळ्यात एका सभासदाने पाणी कुठून येतं आणि कुठे साचतं याचे फोटो तारखेसह ठेवायचे. जिन्याजवळचं डबकं हे उताराच्या चुकीमुळे आहे असं मला दिसतंय. ते तेवढं पेव्हर उचलून, खाली खडीचा थर देऊन लगेच दुरुस्त करायचं, म्हणजे ज्येष्ठांना पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागणार नाही.

नोव्हेंबरमध्ये, माती कोरडी व्हायला लागली की, कडेची पट्टी खाली घ्यायची. पाणी आत येतं तिथे खडी भरलेला छोटा कप्पा ठेवायचा, गाळ आधी तिथे बसतो. तो कप्पा मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये फावड्याने साफ करायचा. वाळा वर्षातून एकदा छाटायचा. भोकांच्या पाईपला वर येणारं एक उभं तोंड ठेवायचं, म्हणजे तुंबला तर पाण्याच्या झोताने धुता येईल. ही कामं माळ्याच्या आणि सफाईच्या वार्षिक करारात नावानिशी लिहायची आणि त्यांचे पैसे वेगळे दाखवायचे. करारात नसलेलं काम कुणी करत नाही, हा सेक्रेटरींचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. अतिवृष्टीचं पाणी बाहेर जायला उंचावर एक ओव्हरफ्लो चेंबरही ठेवतेय. तो नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात बागेतलं पाणी जिन्याकडे वळेल आणि सगळ्यांचा विश्वास उडेल.

पेव्हरवाला

ताई, निविदेत 'पीसीसी नाही' हे शब्द स्पष्ट लिहा. नाहीतर सुपरवायझर सवयीने घालून मोकळा होतो. आणि खडी धुऊन आणायची, हेही लिहा.

ओढ्याकाठचा

सभा कधी आहे? तुमचे सभासद हरकत घेणार नसतील तर मी आणि आमच्या गल्लीतले दोघं येतो. मत मागणार नाही. २०१९च्या सकाळचे फोटो आहेत आमच्याकडे, तेवढे दाखवतो.

पन्हळ

नक्की या. अध्यक्षांशी आजच बोलते. निमंत्रित म्हणून विषयपत्रिकेत नाव घालता येतं, म्हणजे कुणाला हरकत घ्यायला जागा उरणार नाही. मसुदा उद्या इथे टाकते, @स्तंभ_आणि_तुळई, भिंतीचा परिच्छेद तुम्ही एकदा तपासून द्या.